तू पाठवलेला टायरचा फोटो

मंदार,

पापडीच्या नाक्यावर तुझा बॅनर लागलाय. काळा गॉगल, गाडीच्या बॉनेटला टेकवलेलं बूड आणि वर हातभर अक्षरांत 'वेगाचा राजा हरपला'. खाली तुझ्या गाडीवाल्या ग्रुपमधल्या अकरा जणांचे फोटो. त्यांनीही गॉगल लावलेत, दुखवट्याचे असावेत. दुकान उघडायला येताना मला रोज त्या बॅनरखालून जावं लागतं. बूड हा शब्द वाचून आई रागावेल. रागावू दे. तू गेल्यापासून कोण रागावतंय याचा हिशोब मी सोडून दिलाय.

त्याच अकरांपैकी एकाने परवा फोन केला. शोकसभेत वाचायला बहिणीने काहीतरी लिहून द्यावं म्हणाला. "ताई, इमोशनल पाहिजे, पण पॉझिटिव्ह." मी हो म्हटलं आणि लिहायला बसले, तर हे असं निघालं. हे त्यांना काही वाचता येणार नाही. म्हणजे हे तुझ्यासाठीच. शेवटपर्यंत ऐक, जिवंतपणी कधी ऐकलं नाहीस.

पंधरा दिवस घरात माणसं येतायत. चहा पितात, फोटोकडे बघतात, 'वेळ आली होती' म्हणतात. शेजारच्या काकूंनी तर आईला सांगितलं की देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. मी तिथून उठून गेले. अठरा वर्षं मी टायरचं दुकान चालवतेय. वेळबिळ मला कळत नाही, मला रबर कळतं. टायरवाल्याचा मुलगा, टायरवालीचा भाऊ, रविवारी सकाळी निर्मळच्या पुढच्या वळणावर गाडी घसरून चिंचेच्या झाडावर गेला, आणि त्यात देवाचा काहीही हात नव्हता. आणि तुझ्या त्या घसरण्यापायी एका गरीब माणसाचा टेंपो पोलीस ठाण्याच्या आवारात अडकून पडलाय. तुझ्यामुळे आणि माझ्यामुळे. त्याच्याकडे येते मी, पण आधी तुझ्याशी भांडून घेते.

तुला अण्णांचा नियम आठवत नव्हता का रे? तो नियम तर आपल्या दुधाबरोबर पोटात गेला होता. गिऱ्हाईक कोणीही असो, टायर रिमवर चढवायच्या आधी अण्णा तो त्याच्यासमोर आडवा टाकायचे, कडेचे आकडे खडूने गोल करायचे आणि म्हणायचे, "वाचा मोठ्यांदा." टायर कोणत्या वर्षी, कोणत्या आठवड्यात बनला, ते त्या आकड्यांत असतं. अण्णा त्याला जन्मतारीख म्हणायचे. गिऱ्हाईकाने स्वतःच्या तोंडाने जन्मतारीख वाचल्याशिवाय आपल्या दुकानात टायर चढत नसे. रिक्षावाले हसायचे, पण वाचायचे. आपल्या लहानपणी तीनच आकडे असत, दोन आठवड्याचे आणि एक वर्षाचा. दशक कोणतं ते अण्णा रबराला नख लावून सांगायचे. आपल्या दोघांची शर्यत लागायची, आधी वाचेल त्याला पेप्सीकोला. तू नेहमी आधी वाचायचास आणि मग अर्धा पेप्सीकोला मला द्यायचास, तोही चोखून झालेला, पांढरा पडलेला. त्याबद्दलही मी अजून रागावलेलीच आहे.

आणि मग तू ती गाडी आणलीस. सेकंडहँड, दोन दारांची, पिवळीधमक, तीनशेच्या वर घोड्यांची. ताकद सगळी मागच्या चाकांना. विरारच्या तुझ्या सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक ओलांडताना ती पोट घासायची, म्हणून तू वॉचमनला सांगून त्यावर फळ्या टाकून घ्यायचास. घोडे तीनशे आणि गेटातून बाहेर पडायला दोन फळ्या. मी हसले होते, तुला आवडलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी टायर बघायला दुकानात आलास. मला आनंद झाला होता, हे आता सांगते. एवढ्या वर्षांत तू पहिल्यांदा माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून आलास. आदल्या दिवसापासून मी माहिती काढून ठेवली होती. पुढचं माप वेगळं, मागचं जास्त रुंद, म्हणजे पुढचे मागे फिरवता येणार नाहीत, घ्यायचे तर चारही एकदम. रिम एक इंच लहान करायची, म्हणजे टायरची भिंत उंच होते आणि आपल्या खड्ड्यांत रिम वाकत नाही. रबर मऊ हवं पण रस्त्याचं, आणि पाणी बाहेर फेकायला मधोमध खोल नाल्या हव्यात. वेगाचा आणि वजनाचा दर्जा कंपनीने दिलाय त्याच्या खाली जायचं नाही. हे सगळं मी वहीच्या पानावर लिहून ठेवलं होतं. तू ते पान घडी करून टेबलावर ठेवलंस आणि फोन काढून मला व्हिडिओ दाखवलास. शर्यतीच्या मैदानावर चालवायचे टायर. जवळजवळ गुळगुळीत, नाल्या नावाला.

"ताई, याची ग्रिप बघ. गाडी रस्त्याला चिकटते."

"तापल्यावर चिकटते. मैदानात चार फेऱ्या जोरात मारल्या की तापतात हे. तू विरारहून नालासोपाऱ्याला जाईपर्यंत सात सिग्नल आणि दोन म्हशी. तापणार कधी?"

"ग्रुपमध्ये सगळे हेच लावतात."

"त्यांना विचार, पाऊस पडल्यावर गाडी काढतात का."

"पावसात मीही नाही काढणार. आणि ही गाडी आहे, टेंपो नाही."

"रस्ता टेंपोचाच आहे," मी म्हटलं.

मग तू ते वाक्य बोललास. म्हणालास, "आयुष्यभर रिक्षाचे टायर विकलेस तू. तुला तीनशे घोड्यांचं काय कळणार?" दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. एक जण खाली मान घालून नट मोजायला लागला. मी म्हटलं, माझ्या दुकानात हे टायर चढणार नाहीत. तू म्हणालास, मग बाहेर चढवतो. मी म्हटलं, "चढव. आणि घसरलास की माझ्याकडे येऊ नकोस."

हे असं होतं आपलं शेवटचं बोलणं. भाऊबीजेला आलास, पाटावर बसलास, ओवाळून घेतलंस आणि आपण दोघंही आईशी बोललो. आईला वाटलं, सगळं ठीक आहे. गाडी गल्लीत उभी होती. चढवले होतेस तू टायर. ग्रुपमधल्याच कोणीतरी विकलेले, दोनदाच मैदानावर गेलेले, मुंबईतल्या कुठल्याशा दुकानात बसवून घेतलेले, हे तुझ्या बायकोने, श्रुतीने, मला स्वयंपाकघरात सांगितलं. मी दारातून बघितलं. वरून नवेकोरे दिसत होते, काळे कुळकुळीत. जन्मतारीख आतल्या बाजूला गेली होती. तसल्या टायरची बाहेरची बाजू ठरलेली असते, त्यामुळे तारीख कधी कधी आत जाते. म्हणूनच तर अण्णा चढवायच्या आधी वाचायला लावायचे! गल्लीत गुडघे टेकून, वाकून मला ती वाचता आली असती. नवी साडी होती. तेही एक कारण झालं, पण खरं कारण तुलाही माहीत आहे. तू खिडकीतून बघत होतास आणि तुझ्यादेखत तुझ्या गाडीपुढे गुडघे टेकायला मी तयार नव्हते.

इतका राग येऊनही एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर अण्णा वरून ओरडतील. अण्णा गेले तेव्हा काका मंडळींनी ठरवून टाकलं होतं की दुकान भाड्याने द्यायचं. बाई काय टायर उचलणार? तू तेव्हा बावीस वर्षांचा, नोकरीला लागून चार महिने झालेले. भर बैठकीत म्हणालास, "दुकान ताईचं. मला रबराच्या वासाने मळमळतं." साफ खोटं. तुला तो वास आवडायचा. लहानपणी नवा टायर आला की तू त्यात डोकं घालून बसायचास. काकांना काही बोलता येईना म्हणून तू मळमळ शोधून काढलीस. आणि पुढे एकदाही, अगदी त्या दिवशीच्या भांडणातही, 'मी तुला दुकान दिलं' असं बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं. मला तुझ्या तोंडावर काहीतरी मारता आलं असतं.

आता तो फोटो.

तू गेलास त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी दुकानात मेसेज आला. अंधारा, हललेला, चिखलाने माखलेला फोटो. टायरची आतली बाजू. मोबाइलच्या उजेडात चार आकडे. खाली तू लिहिलं होतंस, "ताई, गाडीखाली झोपून काढलाय. बरोबर वाचतोय ना मी?"

तू बरोबर वाचत होतास. सात वर्षांपूर्वीचा पावसाळा. मैदानावर दोनदा गेलेले असतील, खरं असेल, पण मधली सात वर्षं ते कुठल्यातरी गोदामात पडून वाळले होते. नक्षी झिजत नाही म्हणून रबर तरुण राहत नाही, हे तू तिसरीत असताना पेप्सीकोल्याच्या बदल्यात शिकला होतास. तुला माझं उत्तर नको होतं. तुला 'ये' हवं होतं. 'येऊ नकोस' मी म्हटलं होतं ना? म्हणून इस्त्रीच्या शर्टावर सुरकुती खपवून न घेणारा माणूस सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाठीवर झोपला आणि मला परीक्षेतला प्रश्न पाठवला. मी तो वाचला. निळ्या खुणा तुला दिसल्याच असतील.

आणि मी उत्तर दिलं नाही.

जरा झुरू दे, म्हटलं. रिक्षाचे टायर विकणाऱ्या बाईला विचारायचंय ना, मग समोर येऊन विचार. शुक्रवारी सकाळी मी माझ्या त्या पानावरचे चार टायर मागवले, लहान रिमसकट. तुला कळवलं नाही. म्हटलं, येतील तेव्हा फोन करेन, येऊन मोठ्यांदा वाच म्हणेन, चांगली जिरवेन. शनिवारी दोनदा तुझं नाव फोनवर काढलं आणि परत फोन खाली ठेवला. रविवारी सकाळी मी आंघोळीला गेले होते तेव्हा श्रुतीचा फोन आला.

तुझा ग्रुप म्हणतो, तुम्ही सगळे राजोडीला भेटणार होता, समुद्रावर फोटो काढायला. तो फाटा सोडून तू पुढे का गेलास, हे त्यांना कळत नाही. निर्मळवरून पुढे रस्ता कुठे येतो, मंदार? पापडीला येतो. रविवारी माझं दुकान आठला उघडतं, हे तुला माहीत होतं. तू माझ्याकडे येत होतास का? की कुठे मिसळ खायला निघाला होतास? हे मला कोण सांगणार आता? आणि येत होतास तर त्याच टायरवर का आलास, गाढवा? जन्मतारीख कळल्यावरही गाडी काढलीस! रिक्षाने यायचं होतंस. तुझ्या दारात उभ्या असतात रिक्षा, माझ्याच टायरवर.

थंडीची सकाळ होती. टायर गार, दगड झालेले. वळणावर मासळीच्या टेंपोतून गळलेलं बर्फाचं पाणी होतं, परातभर असेल. अण्णांच्या जुन्या स्कूटरने ते ओलांडलं असतं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी गाडी ओळखायला बोलावलं. आई हट्टाने बरोबर आली. मी त्या चुरगळलेल्या पिवळ्या पत्र्याशी बसले आणि मागच्या टायरला नख लावलं. रुतलं नाही. साहेबांनी विचारलं, "तुमचं टायरचं दुकान आहे ना? काय वाटतं, टायर कसे होते?" आई माझा दंड धरून उभी होती. मी म्हटलं, "टायर बरे आहेत. रस्ता ओला होता." अठरा वर्षांत गिऱ्हाइकाला एकदाही खोटं सांगितलं नाही, आणि बोलले ते हे. का बोलले? आईसमोर तुला मूर्ख ठरवायला जीभ रेटली नाही, हे एक. आणि टायर म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला माहीत होतं का?

त्या एका वाक्याचं पुढे काय झालं ते ऐक. श्रुतीच्या भावाने टेंपोवाल्याविरुद्ध तक्रार दिली. रस्त्यावर पाणी सांडून माणूस मारला म्हणून. टेंपो आवारात उभा आहे, लायसन्स जमा आहे. आई रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर त्या माणसाला शिव्याशाप देते. नाव वसंत. अर्नाळ्याचा आहे, पन्नाशीचा, टेंपोचे टायर माझ्याकडून घेतो आणि जन्मतारीख एवढ्या मोठ्यांदा वाचतो की समोरच्या मेडिकलवाल्याला ऐकू जाते. काल तो दुकानात आला. बसला नाही.

"बाय, माज्या टेंपोतून पानी गलत होतं, खोटं नाय बोलनार. बर्फ हाय तं गलनारच, सगल्यांचं गलतं. पन मी कडेला उभा होतो, इंजिन बंद. माज्यामागनं तीन रिक्षा गेल्या, पाववाला सायकलवरनं गेला. कोन नाय पडला." मग टेबलाला हात टेकला. "तुमी टायर बगितलात ना? मंग मला येवढंच सांगा, माजी चूक हाय का? आसंल तं मी भोगतो."

मी त्याला म्हटलं, उद्या सांगते. मंदार, तो माणूस मला नमस्कार करून गेला.

श्रुतीही रोज विचारते. "ताई, तुम्ही बघितले ना टायर? त्या टेंपोमुळेच झालं ना?" तिला टेंपो हवा आहे. आईलाही हवा आहे. टेंपो असला की तू बिचारा राहतोस आणि मी बिचाऱ्याची बहीण राहते. सगळ्यांना सोयीचं आहे, फक्त वसंत घरी बसलाय आणि त्याची बायको दुसऱ्याच्या टोपलीतली मासळी विकतेय.

तू असतास तर तूच मला ओरडला असतास. अठरा वर्षांपूर्वी भर बैठकीत खोटं बोललास ते दुसऱ्याला काहीतरी देण्यासाठी. मी बोलले ते एका माणसाचं काढून घेऊन. एवढंच सांगते, तुझी बाजू मी आता घेणार नाही. तू चुकलास, हट्टीपणाने, माहीत असून. आणि मीही तशीच चुकले. अण्णांची दोन्ही पोरं वाचता येत असून वाचली नाहीत, आणि याची भरपाई तिसऱ्याने करायची नाही.

टायर तुझ्या दहाव्याच्या दिवशी आले. टायर आणणारा गाडीवाला फोन करत होता आणि आम्ही सगळे नदीवर होतो. आता ते दुकानात मागच्या भिंतीला उभे आहेत, चार, प्लास्टिकच्या पट्ट्यांसकट. दोन अरुंद, दोन रुंद. त्या मापाची दुसरी गाडी वसई-विरारमध्ये माझ्या तरी बघण्यात नाही. परत पाठवता येतील. आज सकाळी मी एक आडवा पाडला, खडूने आकडे गोल केले आणि मग सवयीने मान वर करून गिऱ्हाईक शोधलं. नख लावलं तर छान रुतलं. तुझं डोकं त्यात बसलं असतं, अजूनही.

मग मी फोन घेतला. तुझा फोन श्रुतीकडे आहे. रोज चार्ज करते, आलेले कॉल घेते, जुने मेसेज मात्र उघडत नाही, धीर होत नाही म्हणते. नवा आला तर बघेल. वर तू पाठवलेला टायरचा फोटो दिसेल, त्याखाली वार आणि वेळ दिसेल, आणि माझं उत्तर किती दिवसांनी आलं तेही दिसेल. तिला सगळं कळायला तेवढं पुरे आहे. त्यानंतर मी पोलीस ठाण्यात जाऊन हाच फोटो साहेबांपुढे ठेवणार आहे. आई कदाचित माझ्याशी बोलणार नाही. पण वसंतला टेंपो मिळेल.

हे इथपर्यंत लिहून मी तुला मेसेज पाठवला. गुरुवारी लिहायला दहा सेकंद लागली नसती, आज अर्धा तास लागला.

"बरोबर वाचलंस. गाडी हलवू नकोस. मी येते."

दोन खुणा आल्या. थोड्या वेळाने निळ्या झाल्या. समोरच्या मेडिकलवाल्याने शटर अर्ध्यावर ओढलं, दुपारचं जेवायला गेला.

फोन वाजतोय. तुझं नाव दिसतंय, वर तो गॉगलवाला फोटो.

उचलते.